बाबा, पाणी उभ्यानं प्यायलं तरी चालतं

ती. आई-बाबांस सा. न.

आई परवा फोनवर म्हणाली की बाबांचं पाणी पिणं हल्ली फारच कमी झालंय. उभ्यानं पाणी प्यायलं की गुडघे जातात, असा मेसेज आला म्हणे. गुडघे दुखत असताना दर घोटाला खाली बसायचं आणि पुन्हा उठायचं, त्यापेक्षा बाबा तहानच मारतात. हे ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, पाणी अन्ननलिकेतून जठरात जातं, तिथून आतड्यात, आणि आतड्यातून रक्तात शोषलं जातं. बसा नाहीतर उभे राहा, वाट तीच. ते गुडघ्यात जाऊन साचत नाही. गुडघ्यांची झीज वयाची आहे. पाणी कमी पडल्यानं मात्र खरंच त्रास होतो: बद्धकोष्ठ, लघवीला जळजळ, उठताना चक्कर. तांब्या-भांडं ओट्यावर ठेवा आणि उभ्यानंच प्या.

आंघोळीचंही तेच. डोक्यावर आधी पाणी घेतलं की अर्धांगवायू होतो, हे मनातून काढून टाका. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की अर्धांगवायू होतो, आणि त्यामागे बहुतेकदा वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखू असते. मला भीती वाटते ती तुमच्या न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशीची. तिथे धरायला दांडा बसवून घ्या, पैसे मी पाठवते.

आई, मायक्रोवेव्ह कापड घालून झाकून ठेवलास असं कळलं. त्यातल्या लहरी अन्नातल्या पाण्याचे कण हलवतात आणि त्यानं अन्न तापतं. पेशी बिघडवायची एक्स-रेसारखी ताकद त्यांच्यात नसते, आणि दार उघडलं की त्या बंद होतात. प्लास्टिकचा डबा तेवढा आत ठेवू नकोस, काचेचा ठेव. कॉफीनं कर्करोग होतो म्हणून तीही सोडलीस ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1991 मध्ये कॉफीवर संशय घेतला होता, पण 2016 मध्ये तो मागे घेतला. तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते 65 अंशांहून गरम पेयांवर. म्हणजे कॉफी पी, पण बाबांना चहा थोडा निवल्यावर दे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी इतकी काकुळतीला आले नसते. पण छातीत कळ आली की जोरजोरात खोका, आणि अर्धांगवायूचा झटका आला की बोटांना सुई टोचून रक्त काढा, हे मेसेज बाबांनी जपून ठेवलेत. ते आजच पुसून टाका. त्यांच्या नादात हातातली वेळ जाते आणि माणूस हाताबाहेर जातो. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडायला लागला, बोलणं अडखळलं, तर त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवून लगेच 108 ला फोन करायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन व्हावा लागतो. छातीत दुखलं तरी 108 च. शेजारच्या काकांनाही हे सांगून ठेवा.

बाबांची रक्तदाबाची गोळी चुकत नाही ना? मेसेज वाचून ती मात्र बंद करू नका. असं काही आलं की आधी मला पाठवा, वेळ कुठलीही असो. मी डॉक्टरांना विचारून कळवते.

तुमची,
सुमी