एपीतल्या 5 चं काय करायचं?

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "गणिताचं झालं माझं, कॅल्क्युलस बीसीत 5 आलेत." शाळेत असतानाच दिलेली कॉलेजच्या पातळीची एपी परीक्षा, त्यात पाचापैकी 5, म्हणून बाबा लगेच खूश, एका कोर्सची फी वाचली ना! मलाही आनंद आहे, पण "झालं" म्हणायची घाई नको.

तुला अमेरिकेत मेडिकलला जायचंय, तेव्हा आधी कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, बघ. एपी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने 5 दिले एवढ्याने मेडिकल स्कूलचं समाधान होत नाही. ते क्रेडिट तुझ्या कॉलेजने द्यायला हवं आणि ट्रान्सक्रिप्टवर विषयाच्या नावासकट दिसायला हवं. नुसतं 'एपी क्रेडिट' असं मोघम लिहिलं असेल तर रजिस्ट्रारला आत्ताच मेल टाक.

पुढची गोष्ट, प्रत्येक मेडिकल स्कूलचा कायदा वेगळा. कुणी एपी सरळ धरतं, कुणी त्याच विषयातला वरचा कोर्स मागतं, कुणाला कॅल्क्युलस नकोच, स्टॅटिस्टिक्स हवं. मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी, तिच्या एमएसएआर या ऑनलाइन यादीत मेडिकल स्कूलवार माहिती मिळते. सीनियर मुलांच्या सांगण्यावर जाऊ नकोस, नियम बदलत असतात.

सोपा 'ए' मिळेल म्हणून कॅल्क्युलस पुन्हा घ्यायचा विचार मात्र सोड. अनेक कॉलेजांत तसं केलं की एपीचं क्रेडिट रद्द होतं. शिवाय जे येतं त्यावर सेमिस्टर कशाला घालवायचं?

त्याऐवजी बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं गणित, घे. एपीच्या क्रेडिटला कॉलेजची ग्रेड नसते, त्यामुळे सायन्स जीपीएत, म्हणजे सायन्स आणि गणिताच्या ग्रेडच्या सरासरीत, त्याची भर पडत नाही. बायोस्टॅटिस्टिक्स अर्जात गणितातच मोजतात आणि त्याची ग्रेड धरली जाते. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत कॅल्क्युलस विचारत नाहीत, आलेख आणि प्रयोगांचे निष्कर्ष वाचायला लावतात.

पण माझं खरं कारण परीक्षेचं नाही. समज, हजारात एकालाच होणारा आजार आहे. टेस्ट खऱ्या रुग्णाला चुकवत नाही, पण शंभर निरोग्यांतल्या पाचांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. हजार जणांची टेस्ट केली तर सुमारे 51 पॉझिटिव्ह येतील आणि त्यांतला खरा आजारी एकच. उरलेल्या पन्नासांना डॉक्टर काय सांगणार? आमच्या क्लिनिकल ट्रायलच्या डेटात मी रोज असले आकडे बघते. हाताखालून गेलेले हुशार डॉक्टरही इथे गडबडतात, म्हणून सांगते.

नागपूरची मावशी विचारत होती, डॉक्टरकीला गणित कशाला? तिचंही बरोबर आहे म्हणा, तिकडे नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, संपलं. बारावीनंतर थेट एमबीबीएस. तुला आधी चार वर्षांची डिग्री करायची आहे, तेवढी सवड आहे तर वापर.

मेडिकल प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या प्री-मेड ॲडव्हायझरला भेटलीस की काय म्हणाले ते कळव. रजिस्ट्रेशन उघडायच्या आधी भेट, नंतर सकाळचे आठचेच वर्ग उरतात आणि तू काही उठायची नाहीस.

तुझी,
आई