होणाऱ्या शिक्षकांना कोपीपर्यंत नेऊया : सांगलीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आगेमागे वाळवा, पलूस, कडेगावच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. तळावर कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बीड, धाराशिवकडची काही मुले येऊन बसतात. काही येतच नाहीत. आई-बाप फडात गेल्यावर धाकट्याला सांभाळायला कोणीतरी लागतेच. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की सगळे परत गावाकडे. दाखला नाही म्हणून या मुलांचा प्रवेश अडवता येत नाही, त्यांना वयानुरूप वर्गात बसवायचे, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो आणि तो २०१० पासून लागू आहे. पण वर्गात आलेल्या त्या मुलाशी पहिल्या दिवशी बोलायचे काय, हे शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड., बी.एड. करणाऱ्या मुलामुलींना कोण दाखवणार?

आमचे मंडळ निवृत्त शिक्षकांचे आहे, त्यामुळे घरचेच दुखणे सांगतो. सराव पाठ बहुतेक शहरातल्या सोयीच्या शाळांत होतात. पाठाचे टाचण नेटके, तक्ते रंगीत, वर्ग शांत. बी.एड. दोन वर्षांचे झाले, आंतरवासितेचे, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाचे, आठवडे वाढले, तरी शाळा त्याच. मग नोकरी लागते जतच्या सीमेवर. घरी कन्नड बोलणारे पोर ‘माझा वही’ म्हणते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. वही ‘ती’ आणि फळा ‘तो’ कशासाठी, हे त्याला कळावे कसे? नवे गुरुजी लाल शाई फिरवतात आणि पोर बोलायचेच बंद होते. कारण ठाऊक असते, तर हीच चूक व्याकरणाचा सुरेख तास झाली असती.

विटा-आटपाडीकडच्या गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्या, कुटुंबांतली मुले परमुलखातून मध्येच परत येतात. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कामगारांच्या घरी हिंदी, भोजपुरी चालते. मेंढरांमागे फिरणाऱ्यांची मुले सहामाहीला असतात, वार्षिकला नसतात. आणि पैशाची गोष्ट तर प्रत्येक वर्गात आहे. ‘उद्या चार्ट पेपर आणि स्केच पेन घेऊन या’ हे वाक्य किती घरांत त्या दिवशीच्या भाजीवर येते, याचा विचार आपणही कधी केला होता? तेच पोर उसाच्या मोळ्या मोजून हिशेब तोंडी करते. गणिताच्या पुस्तकात मात्र मोळी सापडत नाही.

या हंगामात छात्राध्यापकांच्या छोट्या गटांना आम्ही आठवडाभर तळाजवळच्या आणि सीमाभागातल्या शाळांत नेणार आहोत. दिवसा वर्ग, संध्याकाळी पालकांच्या सवडीने भेट, रात्री अनुभवी शिक्षकांबरोबर दुसऱ्या दिवसाच्या पाठाची तयारी. एसटीभाडे, जेवण आणि साहित्य धरून एका छात्राध्यापकाचा खर्च साधारण २,५०० रुपये येईल. ज्यांना पूर्ण रक्कम जमेल त्यांनी एकाची जबाबदारी घ्यावी. शंभर रुपयेही आनंदाने घेऊ.

पैशापेक्षा अवघड गोष्टी पुढे आहेत. कन्नड, बंजारा किंवा भोजपुरी बोलणारी माणसे हवीत, जी रोजच्या वापरातले शब्द आणि मुलांची गाणी सांगतील. शिकलेलीच हवीत असे नाही, आज्जी असेल तर उत्तमच. कारखान्यांचे शेतकी अधिकारी आणि मुकादम यांनी तळावर यायला परवानगी द्यावी. जत आणि आटपाडी भागात चार-पाच मुलींच्या राहण्याची सोय करणारी घरे हवीत. गाडी असलेल्यांनी एखादी फेरी मारली तरी मोठे काम होईल.

जुने कपडे आणि उरलेल्या वह्या कृपया पाठवू नयेत. केळी वाटून फोटो काढण्याचा हा कार्यक्रम नाही. तळावर कोणाचाही फोटो काढला जाणार नाही, देणगीदारांचाही.

देणगी धनादेशाने किंवा रोख, मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी ५ ते ७ या वेळेत द्यावी आणि पावती मागून घ्यावी. भाषेसाठी किंवा मुक्कामासाठी मदत करणाऱ्यांनी दसऱ्यापूर्वी नाव नोंदवावे, म्हणजे टोळ्या येण्याआधी गट ठरवता येतील. हंगाम संपल्यावर जमाखर्च कार्यालयाच्या फलकावर लावू.

आपले,
कार्यकारिणी सदस्य, निवृत्त शिक्षक मंडळ, सांगली