मातृभाषेच्या रकान्यात सांगितले तेच लिहा: केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: २०२७ च्या जनगणनेत मातृभाषेची नोंद, वर्गवारी आणि प्रसिद्धी

महोदय,

भाषा मोजणारे जनगणना कार्यालय आणि हिंदीचा कारभार पाहणारा राजभाषा विभाग, दोन्ही आपल्याच मंत्रालयात आहेत. म्हणून हे पत्र शिक्षण किंवा संस्कृती खात्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहोत. एकाच छपराखाली मोजणारेही असतील आणि ज्याची मोजणी व्हायची त्याचे पुरस्कर्तेही असतील, तर मोजणी जरा जास्तच चोख असावी लागते.

देशाच्या बहुतांश भागात लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. भाषेबाबत जे काही दुरुस्त करायचे ते प्रगणकांच्या प्रशिक्षणाआधी व्हायला हवे. एकदा प्रगणक दारात पोचला की काही बदलता येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार हिंदी भाषकांची संख्या ५२ कोटी ८३ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ४३.६३ टक्के. हा आकडा संसदेत, न्यायालयात, वाहिन्यांवरच्या चर्चांत सतत फिरतो. त्याच तक्त्यात एक ओळ खाली उतरले की दिसते, ‘हिंदी’ हेच नाव मातृभाषा म्हणून सांगणारे ३२ कोटी २२ लाख होते, म्हणजे २६.६ टक्के. उरलेल्या वीस कोटींहून अधिक लोकांनी भोजपुरी (५ कोटी ५ लाख), राजस्थानी (२ कोटी ५८ लाख), छत्तीसगढी (१ कोटी ६२ लाख), मगही (१ कोटी २७ लाख) अशी नावे सांगितली होती. ती कार्यालयात हिंदीच्या शीर्षकाखाली गेली. यात लपवाछपवी नाही, तक्ता सी-१६ मध्ये सगळे छापलेले आहे. पण मथळ्यात बेरीज जाते आणि तपशील परिशिष्टात राहतो.

ही बेरीज कशी होते ते सांगणे भाग आहे, कारण चुका तिथेच शिरतात. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली कच्ची नावे १९,५६९ होती. स्पेलिंगचे फरक, गावाची-जातीची नावे, एकाच भाषेची दोन-चार नावे वगैरे छाननी करून त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरल्या. आणखी १,४७४ नावे ‘अवर्गीकृत’ म्हणून बाजूला पडली. १,३६९ पैकी देशभरात दहा हजार किंवा अधिक भाषक असलेल्या २७० मातृभाषा तेवढ्या नावानिशी छापल्या गेल्या. त्यांतल्या १२३ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या (घटनेने नावानिशी नोंदलेल्या) २२ भाषांच्या पोटात गेल्या, १४७ इतर ९९ भाषांच्या. झाल्या १२१ भाषा. उरलेल्या हजारभर मातृभाषा कुठल्या ना कुठल्या ‘इतर’ या ओळीत विरघळल्या.

म्हणजे चाळण्या तीन: नाव ओळखणे, कुणाच्या पोटात घालायचे ते ठरवणे, आणि दहा हजारांची अट. पहिलीला भाषातज्ज्ञ लागतात, तिसरी निव्वळ प्रशासकीय सोय आहे आणि ती १९७१ पासून चालत आली आहे. दुसरीत मात्र भाषाशास्त्र आणि राजकारण यांची सरमिसळ होते. मैथिली १९९१ च्या तक्त्यात हिंदीत होती. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि पुढच्या तक्त्यात स्वतंत्र भाषा झाली. बोलणारे तेच, व्याकरण तेच, फक्त फडताळ बदलले.

आमच्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर बंजारा समाजाच्या भाषेचे घ्यावे. यवतमाळपासून नांदेडपर्यंत आणि खाली तेलंगण-कर्नाटकात तांड्यांवर बोलली जाणारी ही गोरमाटी २०११ च्या तक्त्यात दोन ओळींत आहे: ‘लमाणी/लंबाडी’ ३२ लाख ७६ हजार आणि ‘बंजारी’ १५ लाख ८१ हजार. या दोन ओळी एकत्र नाहीत, आणि दोन्ही हिंदीच्या पोटात आहेत. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात बंजारी किंवा लभाणीला भिली आणि खानदेशीच्या शेजारी बसवले होते, हिंदीच्या आत नाही. तिचे नाते राजस्थानी-गुजराती बाजूशी आहे असे अभ्यासक मानतात. ४८ लाखांहून अधिक लोकांची भाषा दुसऱ्या भाषेची बोली म्हणून मोजली जाते, तेही दोन तुकड्यांत. तिच्या शाळेसाठी, पाठ्यपुस्तकासाठी, अनुसूचीतल्या मागणीसाठी जेव्हा आकडा मागितला जातो, तेव्हा नेमका कोणता द्यायचा?

हे सगळे दिल्लीचेच पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. हिंदीच्या पोटात किती भाषा आहेत हा हिशेब आम्ही मराठी लोक उत्साहाने मांडतो, मराठीच्या पोटात शिरलो की आवाज खाली जातो. अहिराणी बघा. जनगणना तिला मराठीत मोजतच नाही, ‘खानदेशी’ नावाच्या स्वतंत्र, अनुसूचीबाहेरच्या भाषेत मोजते. कागदावर हा मान मोठा आहे. पण २००१ मध्ये खानदेशीचे भाषक २०,७५,२५८ होते आणि २०११ मध्ये १८,६०,२३६ झाले. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. धुळे-जळगावातली लाखो माणसे दहा वर्षांत अहिराणी विसरली असतील, हे पटत नाही. रकान्यात ‘मराठी’ लिहिले गेले, हे जास्त पटते. कुणी स्वतः तसे सांगितले असेल तर तो त्याचा हक्क. पण कितीतरी ठिकाणी विचारलेच गेले नसावे.

विचारले जात नाही ते का? नियम तर चांगला आहे. २०११ च्या कुटुंब अनुसूचीत, म्हणजे प्रगणकाने भरायच्या प्रश्नावलीत, मातृभाषेचा प्रश्न दहावा होता. सूचना अशी की मातृभाषा म्हणजे बालपणी आई त्या व्यक्तीशी ज्या भाषेत बोलली ती. आई लहानपणीच वारली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी. प्रत्येक व्यक्तीची नोंद वेगळी, नाव पूर्ण, संक्षेप नाही. सांगितलेली भाषा दुसऱ्या कुठल्या भाषेची बोली आहे का हे प्रगणकाने ठरवायचे नाही, वाद घालायचा नाही, धर्मावरून भाषा ओळखायची नाही. संघटित मोहिमेमुळे खोटे सांगितले जात आहे असे वाटले तरी सांगितले तेच लिहायचे आणि वरिष्ठांना कळवायचे. याहून नेमकी सूचना आम्हालाही लिहिता आली नसती.

दारात मात्र वेगळे घडते. प्रगणक बहुधा शिक्षक असतो, सातशे-आठशे वस्तीचा गट त्याच्याकडे असतो आणि वेळ कमी. तो विचारतो, “मातृभाषा मराठीच ना?” या ‘च’ने काम होते. समोरच्याला ‘मातृभाषा’ हा शब्द शाळेच्या दाखल्यातला वाटतो, तो मान हलवतो. मग कुटुंबप्रमुखाची भाषा खालच्या सगळ्यांना लागू होते. नंदुरबारमध्ये पावरी बोलणाऱ्या घरात वसावी बोलणारी सून आली असेल, तर तिची वसावी तिथेच संपते. खरे तर व्याख्येप्रमाणे तिची नोंद वेगळी आणि तिच्या मुलांचीही कदाचित वसावीच व्हायला हवी.

या वेळी जातीचीही नोंद त्याच मोजणीत आहे, म्हणून एक नवा धोका दिसतो: जमात भिल्ल म्हणून भाषा भिली, जमात गोंड म्हणून भाषा गोंडी. धर्माबद्दल जी मनाई आहे ती जात-जमातीबद्दलही शब्दशः लिहून द्या.

आता ॲपकडे येतो, कारण या वेळी नोंद मोबाइलवर होणार आहे. पूर्वी कागदावर जे लिहिले जाई ते निदान कच्चे नाव म्हणून पुढे पोचत असे, म्हणून तर १९,५६९ नावे हाती आली. मोबाइलवर भाषेसाठी तयार यादी दिली आणि तीतूनच निवडायची सक्ती केली, तर पहिली चाळणी प्रगणकाच्या अंगठ्याखाली, कोणताही माग न ठेवता, पार पडेल. यादी जरूर असावी, वेळ वाचतो. पण तिच्यासोबत मोकळा रकाना हवाच, आणि यादीतून निवडले तरी बोललेले नाव जसेच्या तसे साठवले गेले पाहिजे. यादी अकारविल्हे लावावी. राज्यभाषा सगळ्यात वर आणि आधीच निवडलेली, असे असेल तर निकाल आत्ताच सांगता येईल. ‘सर्व सदस्यांना हेच लागू करा’ असे बटण या प्रश्नाला नसावे. स्वगणना करणाऱ्यांच्या, म्हणजे आपली माहिती स्वतःच भरणाऱ्यांच्या, अर्जालाही हेच नियम लागावेत.

यादी करताना सारख्या दिसणाऱ्या नावांनी घोळ होईल, तो आत्ताच सोडवता येतो. महाराष्ट्रापुरती तीन उदाहरणे देतो. ‘पावरी’ ही सातपुड्यातली, भिली गटातली. ‘पोवारी’ किंवा ‘पवारी’ ही गोंदिया-भंडारा-बालाघाटकडची, तक्त्यात हिंदीखालची. एका कान्या-मात्रेने माणूस भिलीतून हिंदीत जातो. ‘गुजरी’ शहादा-नंदुरबारकडची खानदेशीत मोजतात; जम्मू-काश्मीरची गोजरी हिंदीत. आणि सर्वात अवघड ‘कोकणी’. नाशिक-पालघरच्या डोंगरातला कोकणा आदिवासी आपल्या भाषेला कोकणी म्हणतो आणि ती भिली गटात मोजली जाते. गोव्याची कोंकणी आठव्या अनुसूचीत आहे. रत्नागिरीचा माणूसही घरच्या बोलीला कोकणीच म्हणतो. सिंधुदुर्गातल्या माणसाने मालवणी सांगितली तर ती तक्त्यात कोंकणीखाली जाते, हे त्याला बहुधा ठाऊकच नसते. ‘कोकणी’ टंकल्यावर ॲपने पर्याय दाखवावेत, कुठल्याही पर्यायाला ‘बोली’ किंवा ‘प्रमुख भाषा’ असे विशेषण न लावता, आणि ‘यांपैकी नाही’ हाही पर्याय ठेवावा. राज्यवार अशी यादी करायला त्या त्या भाषेचे शिक्षक आणि विद्यापीठांतले भाषाविभाग पुरेसे आहेत. आपल्याच खात्याने मातृभाषा सर्वेक्षणात ५७६ मातृभाषांचे चित्रीकरण केले आहे. ते ध्वनिनमुने प्रशिक्षणात वापरले तर प्रगणकाला निदान कळेल की पावरी कानाला कशी लागते.

पुढचा, अकरावा प्रश्न ‘इतर ज्ञात भाषा’ हा होता. त्यात जास्तीत जास्त दोन भाषा लिहायच्या. अक्कलकुव्याचा माणूस वसावी, अहिराणी, मराठी, हिंदी आणि बाजारापुरती गुजराती सहज बोलतो. मातृभाषा वसावी लिहिली की उरलेल्या दोन जागा मराठी आणि हिंदी खातात, कारण त्या शाळेत शिकलेल्या. अहिराणी गळते. हिंदीचा दुसरी-तिसरी भाषा म्हणून दिसणारा पसारा काही अंशी या दोन जागांच्या मर्यादेतून आलेला आहे. जागा चार करा. कागदावर रुंदीची अडचण होती, पडद्यावर ती नाही.

एवढी कटकट कशासाठी, असे आपल्या अधिकाऱ्यांना वाटेल. राज्यघटनेचे कलम ३५०(अ) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींबद्दल बोलते, पण सोय ठरते ती आकड्यांवर. १९४९ पासूनचे सूत्र असे की वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली तर त्या भाषेच्या शिक्षकाची सोय करावी. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांत जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्के भाषक असतील तर महत्त्वाचे नियम, सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, आणि जिल्ह्यात ६० टक्के असतील तर ती तिथली आणखी एक अधिकृत भाषा मानावी, असे आहे. म्हणजे टक्केवारी तालुक्याची लागते. धडगावच्या तहसीलदाराला भिली गटाची बेरीज उपयोगाची नाही. त्याच्या तालुक्यात पावरी किती आणि वसावी किती हे कळले, तर लसीकरणाची ध्वनिफीत कोणत्या भाषेत काढायची ते ठरते.

म्हणून प्रसिद्धीबाबत मागणी अशी: कच्ची नावे, छाननीनंतरची नावे आणि गट, असे तिन्ही थर तालुकानिहाय, संगणकाला वाचता येतील अशा तक्त्यांत द्यावेत. दहा हजारांची अट काढावी. बुलढाण्याकडे बोलली जाणारी निहाली जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. तिचे बोलणारे काही हजारच आहेत आणि या अटीमुळे ती ‘इतर’मध्ये जाते. गुप्ततेचा प्रश्न येईल, तर अगदी छोटी संख्या तालुक्याऐवजी जिल्हा पातळीवर दाखवता येते. प्रत्येक मातृभाषेला ज्या गटात घातले त्याचे कारण दोन ओळींत द्यावे आणि अंतिम तक्त्याआधी हरकतींसाठी साठ दिवस ठेवावेत. बंजारी-लमाणीच्या दोन ओळींचा निर्णय याच वेळी व्हावा. ‘हिंदी’ असो वा ‘मराठी’, मथळ्यात गटाची बेरीज देताना शेजारीच ते नाव प्रत्यक्ष सांगणाऱ्यांची संख्या छापावी. आणि २०११ चे भाषेचे तक्ते २०१८ मध्ये आले. मोजणी डिजिटल असताना पुन्हा सात वर्षे लागायला कारण उरत नाही.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती शेवटी. प्रगणकाच्या पडद्यावर मातृभाषेच्या प्रश्नाखाली “मातृभाषा कोणती?” एवढेच न ठेवता “लहानपणी आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची? ती भाषा तुम्ही काय नावाने ओळखता?” ही दोन वाक्ये राज्यभाषेत ठेवा, आणि प्रशिक्षणात ती प्रत्येकाकडून चार वेळा मोठ्याने म्हणवून घ्या.

आपले,
भाषांच्या नोंदी आणि आकड्यांवर काम करणारे काही अभ्यासक

प्रत माहितीसाठी: भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त, नवी दिल्ली