फोलिक ॲसिड ऊसतोडीची टोळी निघण्याआधी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी धारूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. माझ्या चुलत नणंदेची सून अशीच पाचव्या महिन्यात फडावरून आली. मी लगेच नाव नोंदवलं, रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या. पुढं सोनोग्राफीत बाळाच्या मणक्यात फट दिसली. लेक जन्मली ती पाठीवर लिंबाएवढी गाठ घेऊन, वर नुसता पापुद्रा. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. आता ती आवाज दिला की हसते, हात पुढे करते. पाय मात्र हलत नाहीत.

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटायला फोलिक ॲसिड हे जीवनसत्त्व लागतं. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. चौथ्या महिन्यापासूनच्या लाल गोळीत फोलिक ॲसिड असतं, रक्तवाढीला ती हवीच. पण नळीसाठी तोवर उशीर झालेला असतो. म्हणून फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरलं की रोज एक, दिवस जाण्याआधी निदान महिनाभर, तीन महिने मिळाले तर उत्तम, आणि पुढं तिसरा महिना संपेपर्यंत घ्यायची. गोळीनं सगळंच टळतं असं नाही, धोका मात्र खूप कमी होतो.

ज्या बाईचं आधीचं बाळ असं झालं, तिला मोठा डोस लागतो, साध्याच्या दहापट. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. या सुनेला मी स्वतः डॉक्टरांकडे नेलं, तिची गोळी आताच सुरू झाली आहे.

अडचण घरातही आहे. नव्या नवरीच्या हातात गोळी दिली की सासू विचारते, "पाळणा लांबवायची तर नाही ना?" मी उंबऱ्यावर बसून समजावते, "मामी, ही नातवंडाच्या पाठीच्या कण्यासाठी आहे." मग त्याच सासवा रोज आठवण करून देतात.

माझी विनंती एवढीच. आमच्याकडं बाई नोंदणीला येते तेव्हा ही वेळ बहुधा गेलेली असते. म्हणून लग्न झालेल्या आणि मूल हवं असलेल्या प्रत्येकीला ही गोळी आधीच मिळावी. मुकादमाची गाडी गावात लागण्याआधी सहा महिने पुरतील इतक्या गोळ्या उपकेंद्रात याव्यात. फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, त्या कुणी आणून देत नाही.

– एक आशा कार्यकर्ती, ता. धारूर, जि. बीड