निंबासारखं, पण निंब नव्हे

प्रिय मित्रा,

फोटो मिळाला. तळहातावर एक हिरवं पातं आणि खाली प्रश्न, ‘निंबासारखं दिसतं, पण निंब नाही. मग कोणतं?’ एवढ्यावर नाव सांगायचं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. कारण तुझ्या हातावर आहे ते पान नसून बहुधा पानाचा तुकडा आहे, म्हणजे पर्णिका. अनोळखी झाड ओळखताना बऱ्याच चुका इथेच होतात, म्हणून आधी हेच नीट सांगतो.

पान कुठे सुरू होतं ते शोध. पात्यापासून देठाकडे आणि देठापासून डहाळीकडे उलटं जा. देठ डहाळीला टेकतो त्या बेचक्यात बारीकसा डोळा असतो. पुढची फांदी किंवा फुलोरा तिथूनच फुटतो. डोळा दिसला की त्याच्या पुढचं सगळं मिळून एक पान, मग त्यावर दहा पाती असोत की हजार. पर्णिकेच्या बुडाशी असा डोळा कधीच नसतो. डोळा फारच बारीक असला, तर टोकाकडे बघ. डहाळीच्या टोकाला वाढता कोंब असतो. पानाच्या मधल्या शिरेच्या टोकाला एक तर शेवटची पर्णिका असते, नाही तर काहीच नसतं.

याचा उपयोग कसा होतो ते सप्तपर्णी आणि काटेसावर या जोडीवरून कळेल. दोन्हींत पाच-सात पाती छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली दिसतात. काटेसावरीत ती सगळी एका लांब देठाच्या टोकाला असतात, म्हणजे ते एकच पान. सप्तपर्णीत प्रत्येक पातं डहाळीच्या एकाच पेरावर, म्हणजे पानं फुटतात त्या सांध्यावर, स्वतंत्रपणे बसलेलं असतं, म्हणजे ती वेगवेगळी पानं. शिवाय सप्तपर्णीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, सावरीला येत नाही.

पान कुठवर ते कळलं की मांडणी बघ. पानं एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत, की एकाच पेरावर तीन-चार? एकच पेर बघून ठरवू नकोस. डहाळीच्या टोकाशी पेरं इतकी जवळ येतात की एकाआड एक पानंही झुबक्यात आल्यासारखी दिसतात. देशी बदामाच्या बाबतीत हमखास असं फसायला होतं. टोकापासून वीतभर मागे येऊन सलग तीन-चार पेरं बघ. ही खूण मला पानाच्या आकारापेक्षा जास्त भरवशाची वाटते. आकार ऊन-सावलीप्रमाणे बदलतो, मांडणी सहसा बदलत नाही.

आता तुझ्या ‘निंबा’कडे. रस्त्याकडेला निंबाचा भास करून देणारी तीन झाडं नेहमी भेटतात. खऱ्या कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं, म्हणजे मधल्या शिरेवर थेट पर्णिका. पर्णिका विळ्यासारखी वाकडी, कडेला करवतीसारखे दाते आणि बुडाशी दोन बाजू असमान. बकाण निंबाच्या मधल्या शिरेला बाजूच्या शिरा फुटतात आणि पर्णिका त्यांच्यावर असतात, म्हणजे पान दोनदा, कधी तीनदा विभागलेलं. पानगळीनंतरही त्याच्या गोल पिवळ्या फळांचे घोस फांद्यांवर लटकत राहतात, तेव्हा तर तो लांबूनही ओळखू येतो. महारुखाचं पान निंबासारखंच एकदा विभागलेलं, पण हातभर किंवा त्याहूनही लांब, आणि पर्णिकांचे दाते मोठे, ओबडधोबड. पान गळालं की जाड डहाळीवर मोठा वण राहतो. तिसरा आकाशनिंब, म्हणजे बुचाचं झाड. पान बकाणासारखं दोन-तीनदा विभागलेलं, पण डहाळीवर पानं समोरासमोर. बाकी तिन्हींची एकाआड एक. झाड उंच आणि सडपातळ, साल बुचासारखी जाड आणि भेगाळलेली. म्हणजे ‘किती वेळा विभागलंय’ आणि ‘समोरासमोर की एकाआड एक’ या दोन प्रश्नांवर चारपैकी बहुतेक गुंता सुटतो.

बारीक पानांच्या मंडळींनाही हीच युक्ती चालते. गुलमोहर, सोनमोहर आणि नीलमोहर फुलांविना सारखेच वाटतात. नीलमोहराची पानं समोरासमोर, बाकी दोघांची एकाआड एक. सोनमोहराच्या कोवळ्या कोंबांवर गंजाच्या रंगाची लव असते. गुलमोहराच्या देठाच्या बुडाशी पिसासारखी चिरलेली छोटी उपपर्णं, म्हणजे पानासोबत येणारे चिमुकले पानासारखे भाग, असतात, पण ती लवकर गळतात, म्हणून कोवळ्या टोकालाच शोधावी लागतात. शेंगा असतील तर काम आणखी सोपं. गुलमोहराची शेंग लांब, चपटी तलवार. सोनमोहराची लहान, तांबूस आणि पातळ. नीलमोहराला शेंग नसते, चपटी गोल डबी असते. तशीच शिरीष आणि रेन ट्रीची जोडी. शिरीषाच्या वाळक्या शेंगा फिक्या, कागदासारख्या, वाऱ्यावर खुळखुळतात. रेन ट्रीच्या जाड, काळपट, आत चिकट गर. रेन ट्रीच्या पर्णिका टोकाकडे मोठ्या होत जातात आणि संध्याकाळी मिटतात, त्यामुळे दिवसा भरगच्च दिसणारं झाड अंधार पडता पडता विरळ वाटतं.

साध्या पानांच्या झाडांत तीन खुणा लक्षात ठेव. चीक निघतो आणि डहाळीवर प्रत्येक पेरापाशी अंगठीसारखा वण आहे, तर वड-पिंपळ-उंबराचं घराणं. कोंबावरची टोपी गळून पडते, तिचाच तो वण. पान उजेडासमोर धरल्यावर कडेला समांतर जाणारी एक सलग शीर आणि बारीक ठिपके दिसले, पानं समोरासमोर असली, तर जांभळाचा विचार कर. आणि पात्याच्या बुडाशी, देठ जुळतो तिथे दोन छोट्या गाठी, वर फिकी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी साल, तर अर्जुन.

चीक डोळ्याला लागू देऊ नकोस आणि अनोळखी पान चावून बघू नकोस. चुरगाळून वास घे, तेवढं पुरे.

आकाराबद्दल मात्र मी साशंक आहे. मोकळ्या माळावरच्या झाडाचा डेरा खरं बोलतो, रस्त्याकडेचा बरेचदा खोटं. तारांसाठी शेंडा छाटलेला, वाहनांसाठी एक बाजू उडवलेली, शेजारच्या झाडाच्या सावलीमुळे दुसरी वाढलेलीच नाही. अशा वेळी बाह्यरेषा सोड आणि फांद्या बुंध्यातून कशा निघतात ते बघ. सावरीच्या फांद्या खोडाला जवळजवळ काटकोनात, मजले रचल्यासारख्या. देशी बदामही मजल्यांचा. रेन ट्रीचा डेरा उंचीपेक्षा रुंद. उंची मोजण्यात बरेच जण वेळ घालवतात, पण ओळखण्यासाठी तिचा फारसा उपयोग नाही. मूल असो की म्हातारं, झाड त्याच जातीचं.

छाटलेल्या जागी फुटणाऱ्या धुमाऱ्यांवरची पानं तर बघूच नकोस. ती नेहमीपेक्षा मोठी, कधी वेगळ्याच आकाराची असतात, आणि हाताला येतात नेमकी तीच. खाली पडलेलं पानही शेजारच्या झाडाचं असू शकतं. वर वेगळीच पानं दिसली तर बांडगूळ आहे का ते तपास, नाही तर एका झाडाला दोन नावं लागतील.

तेव्हा आता मला असे फोटो पाठव: दूरून पूर्ण झाड, छातीच्या उंचीवरची साल, तीन-चार पेरं दिसतील अशी डहाळी, डोळ्यापासून टोकापर्यंत पूर्ण पान, त्याची मागची बाजू, आणि शेजारी पट्टी किंवा नाणं. फांदी तोडू नकोस, वाऱ्याने पडलेली डहाळी चालेल. फळ, शेंग, अगदी वाळलेलं टरफल सापडलं तर तेही. मोबाइलवरचं अ‍ॅप वापरणार असलास तर त्यालाही हेच फोटो दे. एकट्या पर्णिकेवरून तेही माझ्यासारखंच चाचपडतं.

आणि फोटो काढायच्या आधी एवढं मात्र आजच बघून कळव: पानं समोरासमोर आहेत का? असतील तर माझी पैज आकाशनिंबावर. नसतील तर बकाण की महारुख, ते एक पूर्ण पान दिसल्यावर ठरवू.

तुझाच