रविवारची बैठक: हूडू मॅन ब्लूज

मंडळी, परत एकदा आठवण, या रविवारी संध्याकाळी ६ ला नेहमीच्या जागी ब्लूज गायक आणि हार्मोनिकावादक ज्युनियर वेल्सचा 'हूडू मॅन ब्लूज' हा अल्बम पूर्ण ऐकायचाय, दोन्ही बाजू, मधे गप्पा नकोत (चहा मध्यंतरात मिळेल).

१९६५ मधे शिकागोत डेलमार्क या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड केलेला अल्बम. तोवर ब्लूजचे एलपी (मोठ्या तबकड्या) म्हणजे बहुतेकदा जुनी सिंगल्स (सुटी गाणी) गोळा करून काढलेले, इथे मात्र डेलमार्कच्या बॉब कोस्टरने वेल्सच्या क्लबातल्या बँडला स्टुडिओत आणून मोकळं सोडलं, म्हणून तो रात्रीच्या क्लबचा माहोल जसाच्या तसा येतो. गिटारवर बडी गाय, पण पहिल्या कव्हरवर नाव काय तर 'फ्रेंडली चॅप', कारण चेस या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी असलेल्या त्याच्या कराराची भीती! आणि सेशनमधे त्याचा अँप (अँप्लिफायर) बिघडला तेव्हा गिटार चक्क हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला (आत फिरणारा भाग असलेला स्पीकर) जोडली, तो गरगरणारा आवाज कान देऊन ऐका. पहिलंच गाणं 'स्नॅच इट बॅक अँड होल्ड इट', त्यात सोल-फंक गायक जेम्स ब्राउनचा ठेका सरळ दिसतो. बास, ड्रम्स, गिटार, हार्मोनिका, बस एवढंच, आणि तरी कुठे रिकामं वाटत नाही. माझ्या मते नंतरच्या कितीतरी छोट्या ब्लूज बँडांनी गाण्यात मोकळी जागा सोडायला इथूनच शिकलं, वाद घालायचा असेल तर रविवारी घाला. पुढे १९७० मधे वेल्स आणि गाय ही जोडी रोलिंग स्टोन्सच्या युरोप दौऱ्यावरही होती.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत ग्रुपवर हात वर करा, खुर्च्या कमी आहेत. कोणाकडे चांगली स्टायलस (रेकॉर्ड प्लेअरची सुई) असेल तर आणा, आपली घासलीये.