रुग्णाचा पेला वेगळा ठेवण्याचे कारण नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाच्या रुग्णाचे ताट, पेला आणि अंथरूण वेगळे करण्याची रीत आपल्या खानदेशात अजूनही काही घरांत दिसते. चोपडा तालुक्यातील एका घरी तोंडाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या आजींचा पेला ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला मी पाहिला. नातवंडांना त्याला हात लावण्याची मनाई होती. घरची माणसे जीव लावणारी होती, पण ‘पोरांना लागण होईल’ ही भीती कोणी दूर केली नव्हती.

ही गाठ बाहेरून येत नाही. रास नावाचे जनुक आपल्या प्रत्येकाच्या पेशीत असते. वाढीचा संदेश आला की त्याचे प्रथिन थोडा वेळ चालू होते, विभाजनाचा हुकूम केंद्रकाकडे रवाना करते आणि आपल्याला चिकटलेला जीटीपी नावाचा छोटा रेणू तोडून पुन्हा बंद होते. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत या जनुकाच्या डीएनएतील एकच अक्षर बदललेले आढळले, ज्यामुळे १८९ अमिनो आम्लांच्या, म्हणजे मण्यांसारख्या घटकांच्या, माळेतून बनलेल्या प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन बसले होते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटला की बटण दाबूनही मोटार थांबत नाही, तसे हे प्रथिन चालूच राहते आणि पेशी संदेशाविना विभागत सुटते. अशा बिघडलेल्या जनुकाला ऑन्कोजीन म्हणतात. ते मूळचे आपलेच असते, याचा पाया बिशप आणि व्हार्मस या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये घातला. त्यासाठी त्यांना १९८९ चे नोबेल मिळाले.

एवढ्या एका बदलाने सहसा कर्करोग होत नाही. पी-५३ सारखी पेशीला आवर घालणारी जनुकेही निकामी व्हावी लागतात आणि त्यात वर्षे जातात. तंबाखू-गुटख्यातील नायट्रोसामाइन्स डीएनएवर घाव घालत हेच घडवून आणतात. बहुतेक रुग्णांत हा बिघाड शरीराच्या एखाद्या पेशीत आयुष्यात केव्हातरी झालेला असतो. तो उष्ट्या पेल्यातून नातवाला जात नाही, आणि त्याचा संबंध कोणाच्या पापाशी जोडणे तर क्रूरपणाचे आहे.

‘सुई लावली की गाठ पसरते’ या समजुतीने गाठीचा तुकडा काढून तपासायला (बायोप्सीला) नकार देणारे मला अधिक चिंतेचे वाटतात, कारण औषध कोणते लागू पडेल हे त्या तुकड्यावरच ठरते. स्तनाच्या गाठीत हर-२ हे वाढीचा संदेश देणारे प्रथिन वाढलेले असेल तर ट्रास्टुझुमॅब हे औषध देता येते. रक्ताच्या एका कर्करोगात नववे आणि बाविसावे गुणसूत्र तुकड्यांची अदलाबदल करून जे ऑन्कोजीन बनवतात, त्याला इमॅटिनिबच्या गोळीने आवर बसतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी अहवालातील या नोंदी सोप्या मराठीत आणि जमल्यास अहिराणीतही समजावून द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव